लिव्हरपूलच्या इतिहासातला सर्वांत भारी कोचिंग स्टाफ कोणता? (मॅनेजर नव्हे, स्टाफ)

पर्वती_कॉप

मंडळी, इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबाच्या मॅनेजरांपैकी शँकली मोठे की पेझ्ली की क्लॉप, हा वाद पुण्यातल्या प्रत्येक स्क्रीनिंगला होतो. तो इथे नको. मला मॅनेजरच्या मागे उभी असलेली माणसं हवी आहेत: असिस्टंट, ट्रेनर, रिझर्व्ह टीमचा कोच, गोलकीपर कोच, स्काउट, फिजिओ, व्हिडिओ घेऊन बसणारा. लिव्हरपूलच्या इतिहासात अशी सर्वांत चांगली फळी कोणती?

माझ्या हिशेबात तीन येतात. शँकलींनी १९५९ च्या डिसेंबरात आल्यावर जमवलेली पहिली, पेझ्ली आणि फेगन यांच्या हाताखालची १९७४ ते ८५ ची दुसरी, आणि क्लॉपची २०१६ ते २०२० मधली तिसरी. दलग्लिशची १९८७-८८ ची टीम बघायला फार देखणी होती, पण मागची माणसं बरीचशी जुनीच, म्हणून ती वेगळी धरलेली नाही. धरायची असेल तर कारण द्या.

ट्रॉफ्यांची बेरीज करून उत्तर देऊ नका. चांगले खेळाडू हाताशी असले की ट्रॉफ्या येतात. कोणत्या माणसानं नेमकं कोणतं काम केलं आणि त्यामुळे मैदानावर काय बदललं, ते सांगा. 'वातावरण फार छान होतं' यातून काहीच कळत नाही.

विचारायचं कारणही सांगतो. पुण्यात आता लहान मुलांच्या क्लबातसुद्धा तीन-चार कोच असतात. कामं वाटलेली नसली की चौघं मिळून एकाच मुलाला चार सूचना देतात आणि त्याला एकही कळत नाही. या जुन्या-नव्या स्टाफांकडून आपल्याला काय उचलता येईल, तेही लिहा.

बूटरूम

माझं मत पेझ्ली-फेगनच्या फळीला, आणि तिचा उत्तम काळ १९७६ ते १९८४. ट्रॉफ्या नकोत म्हणालात, तरी एका वाक्यात सांगून टाकतो: पेझ्लींच्या नऊ हंगामांत सहा लीग, तीन युरोपियन कप, एक यूएफा कप, तीन लीग कप. नंतर फेगनच्या पहिल्याच हंगामात, १९८४ ला, लीग, लीग कप आणि युरोपियन कप एकदम.

आता माणसं. अ‍ॅनफील्डच्या (लिव्हरपूलच्या मैदानाच्या) मेन स्टँडखाली, ड्रेसिंग रूमच्या जवळ बूट ठेवायची एक छोटी खोली होती, तीच 'बूट रूम'. बसायला बिअरचे क्रेट. मॅच संपली की समोरच्या टीमच्या कोचलाही तिथे बोलवायचे आणि गप्पांतून त्यांच्या खेळाडूंची माहिती काढून घ्यायचे. खोलीचं कौतुक सगळे करतात. तिथे बसणाऱ्या प्रत्येकाचं काम किती वेगळं होतं, याकडे मात्र कमी लोक बघतात.

पेझ्ली स्वतः जुने लेफ्ट-हाफ. खेळणं थांबल्यावर फिजिओथेरपी शिकून घेतलेले. खेळाडू चालतो कसा, वळतो कसा, यावरून दुखणं ओळखण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. हीच नजर त्यांनी पोझिशन ठरवायला वापरली. रे केनेडी आर्सेनलहून स्ट्रायकर म्हणून आला होता. वेग कमी पडत होता, पण पहिला टच आणि पासची नजर उत्तम होती. त्याला डावीकडे मिडफिल्डमध्ये नेलं आणि पुढच्या सगळ्या मोठ्या यशात तो तिथेच खेळला. जो फेगन ड्रेसिंग रूम सांभाळायचे. रूबेन बेनेटकडे शारीरिक तयारी. रॉनी मोरॅन म्हणजे मैदानावरचा सततचा आवाज. लीग जिंकल्यावर पुढच्या हंगामाच्या सरावाला मेडलं खोक्यातून आणून वाटायची आणि 'आता शून्यापासून' म्हणायचं, हे त्यांचंच काम. टॉम साँडर्स शाळामास्तर होते. त्यांच्याकडे तरुण खेळाडू, आणि युरोपातल्या प्रतिस्पर्ध्यांच्या मॅच जाऊन बघण्याची जबाबदारी. जेफ ट्वेंटीमन मुख्य स्काउट. रॉय एव्हान्सकडे रिझर्व्ह टीम.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही रिझर्व्ह टीमच. नवा खेळाडू कितीही किमतीचा असो, आधी बरेच महिने रिझर्व्हमध्ये. तिथे पहिल्या टीमचाच खेळ: चेंडू घ्या, जवळच्याला द्या, जागा बदला. इयन रश १९८० मध्ये चेस्टरहून ३ लाख पौंडांना आला, १९८०-८१ चा बराचसा हंगाम रिझर्व्हमध्ये गेला, आणि १९८१-८२ मध्ये सगळ्या स्पर्धा मिळून त्यानं ३० गोल केले. एव्हान्सच्या हाताखाली रिझर्व्ह टीमनं नऊ हंगामांत सात वेळा सेंट्रल लीग (रिझर्व्ह टीमांची लीग) जिंकली. याचा अर्थ असा की पहिल्या टीममध्ये कोणी दुखावला तर बाहेरून येणाऱ्याला काहीच नवीन शिकवावं लागत नव्हतं.

दुसरी गोष्ट वह्या. रोजचा सराव लिहून ठेवायचे: काय केलं, किती वेळ, हवा कशी होती, कोण दुखावला. एखाद्या आठवड्यात टीम जड वाटली की मागच्या वर्षांच्या वह्या उघडून त्याच सुमाराला काय केलं होतं ते बघायचे. मोजायची यंत्रं नव्हती त्या काळात ही फार मोठी शिस्त आहे.

तिसरी, आणि माझ्या मते निर्णायक: चूक कबूल करून खेळच बदलण्याची तयारी. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९७३ मध्ये युरोपियन कपमध्ये रेड स्टार बेलग्रेडनं त्यांना तिथेही २-१ आणि अ‍ॅनफील्डवरही २-१ हरवलं. बूट रूममध्ये निष्कर्ष निघाला की युरोपात मागून उंच चेंडू मारून भागणार नाही, सेंटर-हाफलाही (मधल्या बचावपटूलाही) पास देता आला पाहिजे. धिप्पाड स्टॉपरच्या जागी फिल थॉम्प्सन आणि एमलिन ह्यूज अशी चेंडू खेळणारी जोडी आली. शँकली १९७४ च्या जुलैत गेले तरी हा धडा त्यांच्याबरोबर गेला नाही, कारण तो सगळ्यांनी मिळून काढला होता. १९७८-७९ मध्ये त्याचं पूर्ण रूप दिसतं: ४२ सामन्यांत ८५ गोल केले, १६ खाल्ले, त्यातले अ‍ॅनफील्डवर फक्त ४.

औंधचा_विंगर

बूटरूम साहेब, तुमचं लिखाण मनापासून आवडलं, तरी माझं मत क्लॉपच्या स्टाफला. कारण सांगतो.

बूट रूमची माणसं सगळं थोडं-थोडं बघायची. क्लॉपकडे एकेका तुकड्यासाठी एकेक माणूस होता आणि त्या तुकड्यातली सुधारणा मोजता येते. थ्रो-इनच घ्या. एका मॅचमध्ये ४० ते ६० थ्रो-इन होतात. २०१८ मध्ये थॉमस ग्रोनेमार्क या डॅनिश माणसाला फक्त त्यासाठी बोलावलं तेव्हा बऱ्याच जाणकारांना ते पटलं नव्हतं. त्याच्या आधीच्या हंगामात दबावाखाली टाकलेल्या थ्रो-इनवर चेंडू आपल्याकडे राहण्याचं प्रमाण ४५.४ टक्के होतं, प्रीमियर लीगमध्ये अठराव्या क्रमांकाचं. एका वर्षात ते ६८.४ टक्के झालं, पहिल्या क्रमांकाचं. नवा खेळाडू न घेता ही सुधारणा झाली.

त्यानं शिकवलं काय, तेही बघा. लांब फेकणं हा फक्त एक भाग. जो २५ मीटर फेकू शकतो त्याला अडवायला समोरच्यांना जास्त जागा झाकावी लागते, म्हणून जवळचा माणूस मोकळा होतो. म्हणजे लांब फेकता येण्याचा खरा फायदा जवळच्या थ्रोला. उरलेला भाग म्हणजे घेणाऱ्यांनी एकमेकांची जागा बदलून मोकळीक तयार करणं आणि चेंडू पटकन उचलणं.

पीटर क्राविट्झ क्लॉपबरोबर माइन्झपासूनचे. प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ आणि सेट-पीस (कॉर्नर, फ्री-किक) हे त्यांचं काम, आणि हाफटाइमला खेळाडूंना मोजक्याच क्लिप दाखवायची पद्धत. ७ मे २०१९ ला बार्सिलोनाविरुद्ध ७९ व्या मिनिटाला ट्रेंटनं झटकन मारलेला कॉर्नर आणि ओरिगीचा गोल सगळ्यांनी बघितलाय. ती उत्स्फूर्त हुशारी ट्रेंटची, पण तिच्यामागे तयारी होती. खेळ थांबला की बार्सिलोनाचं लक्ष उडतं, हे विश्लेषणात आधीच टिपलं होतं आणि चेंडू लगेच परत द्या, असं बॉल बॉईजना सांगितलेलं होतं. तो कॉर्नर पुन्हा लावून बघा. मारायच्या क्षणी बॉक्समधल्या किती जणांची पाठ चेंडूकडे आहे ते मोजा.

शिवाय मोना नेमर (आहार) आणि आंद्रेआस कॉर्नमायर (फिटनेस) दोघं २०१६ मध्ये बायर्नहून आले. सतत धावून प्रेस करणारी (चेंडू असलेल्यावर दबाव टाकणारी) टीम हंगामाच्या शेवटच्या महिन्यात कोसळायला हवी. २०१८-१९ मध्ये ती कोसळली नाही: ९७ गुण, एक पराभव, २२ गोल खाल्ले. पुढच्या वर्षी ९९ गुण आणि तीस वर्षांनी लीग.

एक गोष्ट मला फार मोठी वाटते. एप्रिल २०१८ मध्ये, रोमाविरुद्धच्या दोन सेमीफायनलच्या मध्ये, क्लॉपचा सतरा वर्षांपासूनचा सोबती, असिस्टंट झेल्को बुवाच बाहेर पडला. टीम तरी फायनलला गेली. जूनमध्ये पेप लाइंडर्स परत आला, सराव त्यानं घेतला आणि पुढच्या वर्षी युरोपियन कप आला. मुख्य असिस्टंट निघून गेल्यावरही ज्या फळीचं काम अडत नाही, ती भक्कम म्हणायची.

सदाशिव_मिडफिल्ड

दोघांनीही चांगलं लिहिलंय, पण कसोटी कोणती हे ठरल्याशिवाय निकाल लागणार नाही. माझी कसोटी: मुख्य माणूस गेल्यावर काय होतं?

पुणेकरांना हे वेगळं समजावायला नको. एफसी पुणे सिटीनं २०१४ ला फ्रँको कोलोम्बा, २०१५ ला डेव्हिड प्लॅट, २०१६ ला अँटोनियो हबास, २०१७-१८ ला रँको पोपोविच असे चार हंगामांत चार मुख्य कोच बघितले. प्रत्येक वेळी पाटी कोरी. चौथ्यात कुठे सेमीफायनल आली, आणि पुढच्या हंगामात पुन्हा नवा माणूस. २०१९ मध्ये क्लबच संपला.

आता याच कसोटीवर बूट रूम लावा. शँकली अचानक गेले, पेझ्ली आले, दुसऱ्या वर्षी लीग आणि यूएफा कप. पेझ्ली गेले, फेगन आले, पहिल्याच वर्षी तीन ट्रॉफ्या. फेगन १९८५ मध्ये गेले, दलग्लिश आले, सोबत सल्लागार म्हणून पेझ्ली, सराव मोरॅन-एव्हान्सकडे, आणि पहिल्याच वर्षी लीग आणि एफए कप. तीन बदल, तिन्ही वेळा घरातलाच माणूस, आणि कारभार एक दिवसही थांबला नाही. फुटबॉलमध्ये याच्या तोडीचं उदाहरण मला तरी दिसत नाही.

क्लॉपच्या बाबतीत उलट झालं. मे २०२४ मध्ये क्लॉप, लाइंडर्स, क्राविट्झ, विटोर मातोस, गोलकीपर कोच आख्टरबर्ग सगळे एकदम बाहेर पडले. नवा मॅनेजर आर्ने स्लॉट स्वतःची माणसं घेऊन आला आणि त्याच खेळाडूंवर, बाहेरून जवळजवळ फक्त किएसा घेऊन, २०२४-२५ ची लीग चार सामने शिल्लक असताना जिंकला. क्लॉपच्या स्टाफनं खेळाडू उत्तम घडवले, हे त्यातून सिद्ध होतं. पण तो स्टाफ ही क्लबची कायमची व्यवस्था नव्हती, हेही सिद्ध होतं.

बूट रूमची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ती पूजा होईल. फेब्रुवारी १९९१ मध्ये दलग्लिशनं राजीनामा दिल्यावर घसरण सुरू झाली ती लवकर थांबली नाही. सगळा दोष त्याच्यानंतरच्या मॅनेजर सूनेसवर टाकायची पद्धत आहे. मला दोन कारणं त्याहून मोठी वाटतात. एक, १९८५ च्या युरोपियन कप फायनलला झालेल्या हायसेल स्टेडियमच्या दुर्घटनेनंतरची बंदी. इंग्लिश क्लब पाच वर्षं युरोपाबाहेर, लिव्हरपूल सहा. साँडर्स युरोपात जाऊन जे बघून यायचे आणि बूट रूममध्ये मांडायचे, ती खिडकीच बंद झाली. बेलग्रेडसारखा पराभव होऊन शिकायची सोयही उरली नाही. दुसरं, १९९२ चा बॅक-पासचा नियम. आघाडी घेतल्यावर चेंडू मागे देत राहायचा, दबाव आला की गोलकीपरनं हातात घ्यायचा आणि खेळ थंड करायचा, हे लिव्हरपूल इतक्या सफाईनं कोणीच करत नसे. नियमानं हे हत्यार एका उन्हाळ्यात काढून घेतलं आणि त्याला पर्याय काढणारं नवं डोकं आत आलेलं नव्हतं. फक्त घरातल्यांनाच वर आणण्याची ही किंमत. ती खोली १९९३ मध्ये पाडून तिथे पत्रकारांसाठी जागा केली, पण तिचं काम त्याआधीच थांबलं होतं.

औंधचा_विंगर

सदाशिव, एक आक्षेप. बूटरूम साहेबांनी ट्वेंटीमनना स्टाफमध्ये धरलं. मग आकड्यांचं विश्लेषण करणारा इयन ग्रॅहम आणि खेळाडूंची खरेदी बघणारा मायकेल एडवर्ड्स यांना का नाही? ग्रॅहम २०१२ पासून क्लबात होता. २०१७ मध्ये खरेदीसाठी क्लॉपच्या मनात ब्रांट होता, विश्लेषण विभागानं सालाहचा आग्रह धरला आणि क्लॉपनं ऐकलं. ट्वेंटीमनचं काम हेच होतं, फक्त वहीऐवजी आकडे. त्यांना आत घेतलं तर स्लॉटचं यशसुद्धा त्याच व्यवस्थेचं पुढचं पान ठरतं आणि तुमच्या कसोटीवर क्लॉपची फळीही उतरते.

बूटरूम

आक्षेप रास्त आहे. अर्धा मान्य. स्काउटला आत घ्यायचं तर दोन्हीकडे घ्यायला हवं.

फरक एवढाच की ट्वेंटीमन, एव्हान्स आणि पेझ्ली यांचं काम एकाच साखळीत होतं. डिफेंडर हॅन्सन १९७७ मध्ये पार्टिक थिसलहून १ लाख पौंडांना आला तेव्हा तो अंगानं किडकिडीत होता. स्काउटनं काय पाहिलं, आत आल्यावर त्याला कुणाबरोबर आणि कधी खेळवायचं, काय बदलायचं नाही, हे सगळं त्याच पाच-सहा माणसांत ठरलं. क्लॉपच्या वेळी खरेदीचा विभाग वेगळा आणि सरावाचा वेगळा होता, आणि दोघांमध्ये एक मॅनेजर. म्हणून क्लॉप गेल्यावर एक विभाग टिकला, दुसरा पूर्ण बदलला. सराव घेणाऱ्यांचाच विचार केला तर माझं मत बदलत नाही.

कसबा_किक

विषयाला थोडा फाटा देतो, कारण सदाशिवची कसोटी आपल्याकडे लावून बघण्यासारखी आहे. सय्यद अब्दुल रहीम यांनी भारताला १९५१ मध्ये एशियाडचं सुवर्ण, १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक आणि १९६२ ला जकार्तात पुन्हा सुवर्ण दिलं. त्या फायनलला डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगना डिफेन्समधून सेंटर-फॉरवर्डला खेळवलं, त्यांनी गोल केला आणि दक्षिण कोरियाला २-१ हरवलं. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब कर्करोगानं गेले. १९७० ला बँकॉकमध्ये कांस्य आलं तेव्हा कोचांमध्ये त्यांचेच शिष्य पी. के. बॅनर्जी होते. म्हणजे धागा काही वर्षं टिकला. पण एशियाडच्या फुटबॉलमध्ये त्यानंतर आजवर पदक नाही. माणूस कितीही मोठा असो, मागे फळी नसेल तर त्याचं शिकवलेलं एका पिढीपुरतंच पुरतं.

पर्वती_कॉप

सगळ्यांचे आभार. मत सध्या बूट रूमकडे झुकतंय, औंधकरांच्या थ्रो-इनच्या आकड्यांनी मात्र विचारात पाडलं.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. तेरा वर्षांखालची मुलं, साधारण १८ ते २०. कोच चार. आठवड्याला तीन दिवस, दीड तास, मुरमाचं अर्धं मैदान. यात काय बसवता येईल? आकड्यांसह सांगा.

बालेवाडी_टचलाइन

आकड्यांसह सांगते.

पहिल्यांदा माणसं वाटा. मुख्य कोचनं शिट्टी दुसऱ्याला द्यायची आणि बाहेर उभं राहून फक्त बघायचं. खेळ थांबवायचा अधिकार एकट्या असिस्टंटचा. तिसऱ्यानं पहिली २५ मिनिटं दोन गोलकीपरना बाजूला घ्यायचं, मग मुख्य खेळात आणून सोडायचं. चौथ्याकडे वही, घड्याळ आणि प्रथमोपचाराची पेटी. सूचना एकाच तोंडातून आली पाहिजे. बाकीच्यांना काही सांगायचं असेल तर ते असिस्टंटच्या कानात.

९० मिनिटं अशी वाटा. १२ मिनिटं चेंडू पायाशी ठेवूनच वॉर्म-अप. मैदानाला गोल चकरा नकोत. शँकलींनीही डांबरी रस्त्यावरची धाव बंद केली होती, खेळतो गवतावर तर धावायचंही गवतावर म्हणून. मग १३ मिनिटं रोंदो (बाहेरचे पास देतात, मधले चेंडू हिसकावतात), पाच विरुद्ध दोन, ८ मीटरच्या चौकोनात. मुरमावर चेंडू उडतो, म्हणून उन्हाळ्यात तो १० मीटरचा करा. चौकोन लहान पडला की मुलं घाबरून चेंडू उधळतात आणि फार मोठा झाला की मधले दोघं नुसते पळत राहतात, प्रेसिंग शिकतच नाहीत. एक नियम घाला: चेंडू गेला की ज्याच्याकडून गेला त्यानं आणि शेजारच्यानं पाच आकडे मोजेपर्यंत तो परत मिळवायचा प्रयत्न करायचा. क्लॉपच्या टीमचं मूळ एवढ्यात येतं.

पुढची १० मिनिटं थ्रो-इन. तिघांचा गट: फेकणारा, घेणारा, अडवणारा. घेणाऱ्यानं आधी दोन-तीन पावलं लांब पळायचं, मग झटकन जवळ यायचं. चेंडू त्याच्या पायावर. फेकणाऱ्यानं लगेच मैदानात एक पाऊल टाकून परतीचा पास घ्यायचा. प्रत्येकाचे सहा थ्रो, मग जागा बदल. मोजायचं काय, तर थ्रोनंतर सलग तीन पास झाले का. या वयात चुका ठरलेल्या असतात. मागचा पाय उचलला जातो, चेंडू डोक्यामागून न येता कानाजवळून एका हातानं ढकलला जातो, आणि सगळे घेणारे एकाच वेळी फेकणाऱ्याकडे धावत येतात, म्हणजे जागाच उरत नाही. ही तिसरी चूक सर्वांत महागाची. लांब थ्रोचा सराव या वयात नकोच, खांदा आणि कंबर दुखावते. थ्रो-इनवरून थेट ऑफसाइड होत नाही, हे मुलांना एकदा मैदानात उभं करून दाखवा. बऱ्याच जणांना माहीत नसतं.

त्यानंतर ४० मिनिटं खेळ: दोन छोटी मैदानं, प्रत्येकी साधारण ३० बाय २० मीटर, पाच विरुद्ध पाच. आठ-आठ मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये दोन-अडीच मिनिटं पाणी. १८ च आले तर एका मैदानावर चार विरुद्ध चार करा, कुणाला बसवू नका. बूट रूमचा हा कणा होता, मेलवूडला (लिव्हरपूलच्या सरावाच्या मैदानावर) रोज छोट्या टीमचे सामने व्हायचे. पण त्यांच्यासारखं पहिल्या दिवसापासून दोन टच लावू नका. पहिला टच कच्चा असलेल्या मुलाला दोन टच दिले की तो दुसऱ्या टचला चेंडू लांब मारून सुटका करून घेतो. पहिली फेरी मोकळी, दुसरी आणि तिसरी तीन टचची, चौथी पुन्हा मोकळी. दोन महिन्यांनी तिसरी फेरी दोन टचची करा.

पहिला टच पक्का करायला स्वेट बॉक्स. मेलवूडला लाकडी फळ्या उभ्या करून त्यात खेळाडूला सोडायचे: चेंडू फळीवर, परत आला की थांबव, वळ, दुसऱ्या फळीवर. आपल्याकडे कंपाउंडची भिंत पुरते. पाच मीटरवर रेघ, ३० सेकंद काम, ३० विश्रांती, चार फेऱ्या, आठवड्यातून एकदा वॉर्म-अपच्या जागी. मुलं भिंतीवर किती वेळा मारलं ते मोजतात. ते मोजू देऊ नका. चेंडू एका टचमध्ये थांबला तेवढेच धरा.

उरली १५ मिनिटं. १० हळू चालणं, ताणणं, पाणी. शेवटची ५ वहीसाठी, चारही कोच एकत्र. तारीख, मैदान कसं होतं (कोरडं, ओलं, चिखल), किती मुलं, कोणता सराव किती मिनिटं, कोणाचं काय दुखलं, कोण लवकर गेलं, आणि प्रत्येक कोचकडून एका मुलाबद्दल एक वाक्य. पानभरापेक्षा जास्त नाही. वही बिघडते ती नेहमी दोन कारणांनी. घरी जाऊन आठवून लिहिली जाते, किंवा फक्त दुखापती लिहिल्या जातात आणि सरावाची मिनिटं राहून जातात. मिनिटं नसतील तर जूनमध्ये तीन मुलांच्या पोटऱ्या का धरल्या हे ऑगस्टमध्ये शोधता येत नाही. पुण्यात पावसाळ्यात सराव मुरमावरून भाड्याच्या टर्फवर जातो. मैदान बदललं त्या पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदी लाल पेननं करा, बहुतेक दुखणी तिथेच सापडतील.

पर्वती_कॉप

ताई, हे सरळ छापून लावण्यासारखं आहे. शेवटचं विचारतो: मुख्य कोच बदलला तर वही कोणाकडे राहावी?

बालेवाडी_टचलाइन

क्लबच्या कपाटात, आणि किल्ली त्या चौथ्या कोचकडे, जो वही लिहितो. नव्या मुख्य कोचला पहिल्या सरावाच्या आधी मागच्या तीन महिन्यांची पानं वाचायला द्या. बदल त्यानं जरूर करावेत, पण कोणत्या मुलाचा घोटा मार्चमध्ये मुरगळला होता हे त्याला पहिल्या दिवशी माहीत असलं पाहिजे.